डोक्याला गोळी लागली म्हणजे सारे संपले, असे नाही

16 फेब्रुवारी 2015 रोजी कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पानसरे चार दिवसांनी गेले. डोक्याला जखम झालेल्या उमाताई वाचल्या. अशा जखमांत अनेक जण रुग्णालयात पोचण्याआधीच दगावतात, हे खरे. पण जो पोचला, त्याची आशा सोडायची नसते.

पहिल्या महायुद्धात हार्वे कुशिंग या शल्यचिकित्सकांनी मेंदूच्या जखमा काळजीपूर्वक स्वच्छ करून मृत्यूचे प्रमाण सुमारे 54 टक्क्यांवरून 29 टक्क्यांवर आणले. पुढील युद्धांतील अभ्यासाने दुसरा धडा दिला : खोल रुतलेला प्रत्येक तुकडा उकरून काढू नये, त्यात चांगला मेंदूही जातो. गोळीच्या वाटेभोवतीचा भाग धक्क्याने सुजतो. अशा वेळी रक्तदाब घसरला किंवा प्राणवायू कमी पडला, तर वाचलेला मेंदूही हातचा जातो.

जालन्यात गोळीचे रुग्ण क्वचित येतात. दुचाकीवरून पडून डोके फुटलेले नेहमीचेच. दोघांनाही पहिल्या तासात हवे ते एकच. 108 ला फोन करा. श्वास मोकळा ठेवा. जखमेवर स्वच्छ कापड ठेवा. रुतलेली वस्तू उपसू नका, पाणी पाजू नका.

2024 मध्ये जालन्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. तेथे सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन चोवीस तास हवेत. छत्रपती संभाजीनगरपर्यंतची साठेक किलोमीटरची वाट जखमी मेंदूला परवडत नाही.