चुकणारी मास्तरीण



गेल्या आठवड्यात जपानहून आम्हांस एक लांबलचक पत्र आले. हाताने लिहिलेले, टपालाने आलेले. पत्र लिहिणारी मुलगी आपल्याच धर्मग्रामातली. दोन वर्षांपूर्वी ती तिकडील लहान मुलांना इंग्रजी शिकवावयास गेली. "माझे दिवस कसे जातात ते एकदा सविस्तर कळवीन, फादर," असे वचन तिने निघताना दिले होते, ते आता पाळले. पत्र वाचून आम्हांस फार आनंद झाला. आणि शेवटच्या पानावर आमची मान खाली गेली. दोन्हींचे कारण वाचकांस सांगावे असे वाटले, म्हणून तिची परवानगी घेऊन हे लिहीत आहोत.

जपानातील प्राथमिक शाळा सहा वर्षांची असते आणि शाळेचे वर्ष एप्रिलात सुरू होते. ह्या लहान वर्गांत इंग्रजीचा प्रवेश तसा अलीकडचा. २०११ साली पाचवी-सहावीच्या मुलांना आठवड्यातून एक तास इंग्रजीची तोंडओळख सक्तीची झाली. २०२० पासून ती तोंडओळख तिसरी-चौथीत आली व पाचवी-सहावीस इंग्रजी हा रीतसर विषय झाला. गणित, शास्त्र, इतिहास हे सारे मुले आपल्या जपानी भाषेतच शिकतात. वर्गाचे नेहमीचे शिक्षक असतातच. परदेशातून आलेली शिक्षिका त्यांची साहाय्यक म्हणून शेजारी उभी राहते. आपल्या ह्या मुलीकडे अशा तीन शाळा आहेत. आज ही, उद्या ती, असे तिचे चालते.

सकाळी ती सायकलवरून शाळेत जाते. दारातच बाहेरचे जोडे काढून आत वापरावयाचे जोडे घालावे लागतात. हा नियम पहिलीतल्या मुलापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांस सारखा. शिक्षकांच्या खोलीत शिरताना वाकून सर्वांस नमस्कार करावयाचा. मग पंचेचाळीस मिनिटांचा एकेक तास. त्यात पुस्तक थोडे आणि खेळ फार. चित्रांचे पत्ते दाखवून नावे विचारावयाची, नाकाला नि गुडघ्याला हात लावून शब्द म्हणवून घ्यावयाचे, गाणे म्हणावयाचे, दगड-कागद-कात्री खेळून ज्याच्यावर डाव येईल त्याने प्रश्न विचारावयाचा. एकच धडा एकामागून एक चार वर्गांत घेतला म्हणजे घसा कोरडा पडतो, असे ती लिहिते.

दुपारचे जेवण वर्गातच होते. पाळीची मुले पांढऱ्या टोप्या घालून वाढतात. सर्वांची पाने वाढून झाल्यावर हात जोडून 'इतादाकिमासु' म्हणतात, म्हणजे हे अन्न आम्ही नम्रपणे स्वीकारतो. शाळेची झाडलोटही मुलेच करतात. एके दिवशी पानात पाव होता. शेजारच्या मुलीने त्याला 'पान' म्हटले. आपल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडे ह्याला पाव म्हणतात." मुलांना मोठी गंमत वाटली. वाचकहो, हे दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे आहेत. पोर्तुगीजांच्या गलबतांतून एक गोव्याच्या किनाऱ्यास उतरला, दुसरा जपानच्या.

परंतु सारेच दिवस असे गोड नव्हते. जपानी भाषेत बहुतेक प्रत्येक व्यंजनामागे स्वर येतो आणि 'ल' व 'र' ह्यांत भेद नाही. म्हणून तेथले मूल 'मिल्क' म्हणावयास गेले की 'मिरुकु' होते, 'टेबल'चे 'तेबुरु' आणि 'बस'चे 'बासु'. मुलांना आपली ही चूक ठाऊक असते. म्हणून कित्येक मुले बोलतच नाहीत. तिच्या चौथीच्या वर्गात असाच एक मुलगा होता. खेळात यावयाचा, पत्ते बरोबर उचलावयाचा. पण विचारले की मान खाली घालावयाचा. सहा महिने त्याच्या तोंडून तिने एक इंग्रजी शब्द ऐकला नव्हता. आपण ह्या कामास लायक नाही, परत घरी जावे, असे विचार तिच्या मनात येऊ लागले होते.

एके दिवशी वर्गातल्या एका मुलीने आपल्या नुकत्याच जन्मलेल्या भावाचे छायाचित्र आणून दाखविले. मास्तरीणबाईंस मोडक्यातोडक्या जपानीत म्हणावयाचे होते 'कावाई', म्हणजे किती गोजिरवाणा! तोंडून गेले 'कोवाई', म्हणजे किती भयंकर! वर्ग क्षणभर स्तब्ध झाला आणि मग हसून हसून लोळू लागला. तिचे कान लाल झाले. पण तीही हसली, आणि खडू पुढे करून म्हणाली, "मला कोण शिकवील?"

तो मुका मुलगा उठला. फळ्यापाशी येऊन त्याने 'का-वा-ई' असे सावकाश म्हटले आणि तिच्याकडून तीन वेळा घोकून घेतले. मग तिने दुधाचे चित्र उचलून त्याच्यापुढे धरले. तो म्हणाला, "मिरुकु." तिने त्याला दुरुस्त केले नाही, वाकून त्याचे आभार मानले. ती लिहिते, "फादर, अजूनही तो मिरुकुच म्हणतो. पण आता म्हणतो."

आणि त्याच्याखाली एवढेच वाक्य होते: "त्या दिवशी मला माझे ठेसन आठवले."

हे ठेसन काय, ते आम्हीच सांगितले पाहिजे. ही मुलगी दुसरीत असताना आम्ही नवदीक्षित होतो आणि धर्मग्रामाच्या शाळेत इंग्रजीचा तास घेत होतो. वाचनात 'स्टेशन' हा शब्द आला, तो तिने 'ठेसन' असा वाचला. तिचे आजोबा रेल्वेच्या लोहमार्गावर कामास होते. घरी तो शब्द रोज तसाच उच्चारला जाई. आम्ही मोठ्याने हसलो. तिला उभे करून तो शब्द पुनःपुन्हा म्हणावयास लावला. वर्गही हसला. पुढे वर्षभर मुले तिला 'ठेसन' ह्याच नावाने हाक मारीत. चौथीत जाईपर्यंत आमच्या तासाला तिने हात वर केला नाही, आणि आम्ही तिला हट्टी समजत राहिलो. हा प्रसंग आम्ही पार विसरून गेलो होतो. हसणारा विसरतो, ज्याला हसले जाते तो विसरत नाही. तिच्या पत्रात दोषाचा एक शब्दही नाही, म्हणूनच तो आम्हांस अधिक लागला.

ज्यांच्या पवित्र देहाच्या दर्शनास आपल्यापैकी पुष्कळ जण २०२४ च्या नोव्हेंबरापासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत चाललेल्या सोहळ्यात जुन्या गोव्यास जाऊन आले, ते संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानातील कागोशिमा बंदरात उतरले. पॅरिसच्या विद्यापीठात शिकलेला तो मोठा विद्वान. पण तेथे त्यांस लोकांचे बोलणे कळेना. आपण ह्या लोकांत पुतळ्यांसारखे उभे आहोत, आणि आता भाषा शिकण्यासाठी लहान मुलांसारखे झाले पाहिजे, अशा अर्थाचे त्यांनी पत्रात लिहिले. त्याच देशात आपल्या गावच्या मुलीला तोच धडा मिळाला. आम्हांस मात्र तो सेमिनरीत इतकी वर्षे काढूनही मिळाला नव्हता.

आता आईबापांस दोन शब्द. मूल चुकीचे इंग्रजी बोलले तर हसू नका. पाहुण्यांपुढे उभे करून त्याच्याकडून कविता म्हणवून घेऊ नका, आणि अडखळले तर रागावू नका. "मला इंग्रजी येत नाही, मी काय शिकविणार?" असे पुष्कळ माता आम्हांस म्हणतात. त्यांस आमचे सांगणे असे की, रात्रीच्या जपमाळेनंतर पाच मिनिटे मुलाजवळ बसा आणि त्यालाच म्हणा, "बाळ, आज शिकलास तो शब्द मला शिकव." तुम्ही चुका, त्याला सुधारू द्या. जे मूल आईची चूक प्रेमाने सुधारते त्याला स्वतःच्या चुकीचे भय उरत नाही.

त्या मुलीस आम्ही उत्तर पाठविले आहे. वीस वर्षे उशिरा का होईना, क्षमा मागितली आहे. येत्या सुटीत ती घरी यावयाची आहे. तिला आणावयास आम्ही स्वतः जाणार आहोत, बेळगावच्या ठेसनावर.