नाशिकचे पाणी शंभरावर उकळत नाही

पाण्याचा उत्कलनबिंदू काढण्याचा प्रयोग तुम्ही केला असेल. पारा ९८ अंशांच्या आसपास थांबतो आणि प्रयोगवहीत मात्र १०० लिहिले जाते. याचा दोष मी एकट्या विद्यार्थ्यांना देणार नाही. १०० लिहिणाऱ्याला पूर्ण गुण आणि ९८ लिहिणाऱ्याला ‘शेकडा त्रुटी २’ असा शेरा मिळत असेल, तर मुलांनी करावे तरी काय?

ही त्रुटी कोणाची ते पाहू. १०० अंश सेल्सिअस हा आकडा हवेचा दाब पाऱ्याच्या ७६ सेंटिमीटर असतानाचा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. येथे दाब ७१ सेंटिमीटरच्या जवळपास असतो आणि तेवढ्या दाबाखाली पाणी ९८ अंशांजवळच उकळते. मुंबईच्या मुलाचे १०० जितके खरे, तितकेच तुमचे ९८. चुकला आहे तो तुलनेसाठी घेतलेला आकडा. गंमत म्हणजे हीच तापमाने केल्व्हिनमध्ये मांडली, तर ३७३ आणि ३७१ यांतला फरक शेकडा अर्धाच भरतो! तेव्हा येथे सरळ ‘दोन अंशांचा फरक’ म्हणावे हे बरे.

पण ९८ आले म्हणजे ते बरोबरच, असेही नाही. पाचही वेळा ९८ आले, तर वाचनांत मेळ आहे एवढेच कळते. ती अचूक आहेत का, हे निराळे तपासावे लागते. तीच तापमापी वितळत्या बर्फात ठेवा. तेथे ती शून्याऐवजी १ दाखवत असेल, तर त्या ९८ वरही भरवसा ठेवता येणार नाही.

लॉर्ड रॅले यांनी एकाच काचगोलात नायट्रोजन भरून तोलला. हवेतून मिळवलेला भरला सुमारे २.३१ ग्रॅम, रासायनिक संयुगांतून मिळवलेला २.३० ग्रॅम. फरक शेकडा अर्धा! त्यांनी तो जुळवून टाकला नाही. वाचनांतला मेळ इतका पक्का होता की फरक खराच असला पाहिजे. त्या शोधातून १८९४ मध्ये रॅम्झी यांच्यासह त्यांना हवेतला अरगॉन सापडला.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, प्रयोगवहीत दोन रकाने वाढवावेत: त्या दिवशीचा हवेचा दाब आणि बर्फातले वाचन. गुण त्यांनाही द्यावेत. वायुभारमापक नसेल, तर काही मोबाइल फोनमध्ये दाब मोजण्याची सोय असते. हवामानवृत्तातला आकडा मात्र तसाच उतरवू नये. तो बहुधा समुद्रसपाटीच्या हिशेबाने बदलून दिलेला असतो आणि त्याने पाणी पुन्हा शंभराजवळ उकळू लागेल!