आधी साखळी सोडा

आपल्या समाजात कुणी कुत्रा पाळला की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. तो खातो काय? आणि स्वयंपाकघरात येतो का? तिसरा प्रश्न मी आजवर ना स्वाध्यायाला ऐकला, ना भिशीत. तो दिवसातून किती वेळ मोकळा असतो? खरं तर जैन घरात सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारायला हवा. आपण तो टाळतो, कारण त्याचं उत्तर गैरसोयीचं आहे.

हे सगळं मी कारवानी कुत्र्यांवरून बोलते आहे. अलीकडे आमच्या अथालमध्ये, सिल्वासाच्या बंगल्यांत आणि कारखान्यांच्या फाटकांशी हा कुत्रा दिसायला लागला आहे. उंच, सडसडीत, पोट आत गेलेलं, लांबोळकं तोंड. ‘देशी आहे, शिकारी आहे, महाग आहे,’ असं मालक कौतुकानं सांगतात. आणि तो असतो कुठं? पोर्चच्या खांबाला, तीन हातांच्या साखळीवर.

माझं माहेर सांगलीकडचं. सांगली, सोलापूर, मराठवाडा हा या कुत्र्याचा मुलूख. अंगावर, कानांवर लांब केस असले की त्याला पश्मी म्हणतात. पलीकडे कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळमध्ये, घोरपडे राजांनी त्याची जोपासना केली आणि जगात त्याचं मुधोळ हे नाव झालं. २००५ साली टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत हा होता. २०१६मध्ये लष्करानं त्याची पिल्लं मेरठला प्रशिक्षणासाठी नेली. ऑगस्ट २०२०मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी कुत्री पाळा म्हणून सांगितलं, तेव्हाही त्याचं नाव घेतलं. कौतुकात काही कमी नाही. मात्र ज्या अंगाचं एवढं कौतुक चाललंय, ते अंग कशासाठी घडलंय हे कुणी बघत नाही.

ते घडलंय धावण्यासाठी. खोल छाती, बारीक कंबर, लांब पाय, नजर दूरवर. हा वासावर चालणारा कुत्रा नव्हे. लांबवर काही हललं की डोळ्यांनी टिपायचं आणि बाणासारखं सुटायचं, हे त्याच्या रक्तात आहे. माळावर माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याला सशाच्या, काळविटाच्या मागे सोडलं. ते पापच होतं, त्यात शंका नाही. आज १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती शिकार गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. पण शिकार बंद झाली म्हणून त्याचे पाय काही आखूड झाले नाहीत. काम काढून घेतलं आणि जागा दिली खांबापाशी, असा हा व्यवहार आहे.

यावर समाजातले एक प्रकारचे लोक म्हणतात, शिकारी जात ती, जैनांनी तिच्या वाटेला जाऊच नये. त्यांना मी जीवंधरकुमाराची कथा आठवून देते. लोकांनी मारून मरणाला टेकवलेल्या कुत्र्याजवळ तो राजपुत्र बसला, त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला, आणि तो जीव यक्षगतीला गेला. लहानपणी आपण सगळ्यांनी ती ऐकली आहे. जीवंधरानं त्या कुत्र्याला ‘तू आजवर काय खाल्लंस’ असं विचारलं नव्हतं.

दुसऱ्या प्रकारचे लोक मात्र मला जास्त खटकतात, कारण ते स्वतःला जीवदया करणारे समजतात. ‘आमच्याकडे तो शुद्ध शाकाहारी आहे हं. दूध, पोळी, वरणभात. मांसाचा वाससुद्धा नाही.’ आणि गळ्याला पट्ट्याचा घट्टा पडलेला. अहो, अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठ करतो. मारणं, अवयव छेदणं, पेलणार नाही एवढं ओझं लादणं, अन्नपाणी अडवणं हे चार सगळ्यांना आठवतात. त्यांच्या आधी जो येतो, तो बंध. टीकाकारांनी त्याचा अर्थही स्वच्छ सांगितला आहे: जीवाला जिथं जायचं आहे तिथं जाण्यापासून अडवणं. तुमची वाटी शुद्ध असेल, पण पहिल्याच अतिचाराची कडी रोज सकाळी तुमच्याच हातानं अडकवली जाते. ताटातली हिंसा मोजायची आणि गळ्यातली मोजायची नाही, हा कुठला हिशेब?

धर्माचं राहू द्या, कायद्याचं ऐका. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात स्पष्ट म्हटलं आहे, की कुत्र्याला कायम बांधून किंवा कोंडून ठेवायचं आणि त्याला पुरेसं फिरवायचं-पळवायचं नाही, हा मालकाचा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. एवढ्यात आज एक चहा-नाश्ताही होत नाही, तेव्हा सरकारची भीती कुणाला वाटणार? म्हणूनच हे काम व्रताचं आहे.

लोक म्हणतील, सोडला तर रस्त्यावर ट्रक आहेत, मांजरं आहेत, खारी आहेत. बरोबर आहे. एकदा सुटला की तो हाकेला थांबत नाही. म्हणून बाहेर नेताना दोर आपल्या हातात हवाच. हातातला दोर तुमच्याबरोबर चालतो, खांबाची साखळी चालत नाही, एवढा फरक आपल्याला कळतो. आणि धावायला बंदिस्त जागा लागते. गंमत अशी, की इथं ज्यांच्याकडे भिंत घातलेला एकरभर प्लॉट आहे, तेच त्याला फाटकाशी बांधतात. पहाटे उन्हं चढायच्या आधी तोच प्लॉट बंद करा, दोरीला फडकं बांधून ओढा, आणि बघा. जीव न घेताही त्याचं धावणं पुरं होतं.

आता बायकांशी बोलते. घरात पिल्लू येतं ते मुलाच्या हौसेनं नाहीतर नवऱ्याच्या प्रतिष्ठेपायी. चार दिवस फोटो. पाचव्या दिवसापासून शी-शू, गोचीड, डॉक्टरची तारीख, सगळं आपल्याकडे. मग आपणच म्हणतो, ‘बांधून टाका बाई, मला नाही जमत.’ म्हणून अट पिल्लू यायच्या आधी घालायची: पहाटे कोण उठणार? नाव सांगा. नाव सांगता येत नसेल तर पिल्लू येणार नाही. आणि साखळीवरच्या जिवाबद्दल कुणी म्हटलं, ‘खायला-प्यायला तर मिळतंय ना,’ तर निदान बाईनं तरी ते उत्तर मान्य करू नये. आपल्याही आज्ज्यांना हेच ऐकवलं जायचं.

ज्यांच्याकडे तो आधीच आला आहे, त्यांनी एवढं सांभाळावं. त्याच्या अंगावर चरबी नसते, कातडी पातळ असते, तारेला लागला की फाटते. फरशीवर कोपरांना घट्टे पडतात, त्याला गोधडी लागते. डोकं निमुळतं, नेहमीच्या पट्ट्यातून सहज निसटतं, म्हणून पट्टा रुंद आणि मऊ घ्या. फासळ्या दिसतात म्हणून कोंबून खायला घालू नका, आणि जेवणाआधी-नंतर लगेच पळवू नका. भूल द्यायची वेळ आली तर जात आधी सांगा, या अंगाला काही औषधं जड जातात. आमच्याकडचा पाऊस माळरानासारखा नाही, चार महिने अंग कोरडं ठेवावं लागतं, गोचीड रोज बघावे लागतात. कुत्रा शाकाहारावर राहू शकतो, पण नुसत्या दूधपोळीवर नव्हे. डाळी, दही, पनीर किती, ते पशुवैद्याला विचारून ठरवा. कांदा-लसूण त्याला विषच आहे, त्या बाबतीत तो आपल्याहून पक्का जैन. पण आपल्या डब्यातले मनुके-बेदाणेही त्याला विष आहेत, हे लक्षात ठेवा.

शेवटचं, पिल्लं विकण्याबद्दल. घरी जोडी ठेवून दर वर्षी वीण काढायची आणि त्याला छंद म्हणायचं, हे मला बोचतं. श्रावकानं टाळायच्या पंधरा धंद्यांत असतीपोषण आहे, आणि विक्रीसाठी कुत्री पोसणं त्यातच धरलं आहे. २०१७च्या केंद्राच्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याला नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. किती जणांनी ती नोंदणी केली आहे, ते त्यांचं त्यांनाच विचारा.

ज्या घरात रोज पहाटे तास-दीड तास देता येत नाही, बंदिस्त जागा नाही, त्या घरानं धावणारा कुत्रा आणू नये. त्यात कमीपणा काही नाही, उलट तेही व्रतपालनच आहे. दारातल्या गावठी कुत्र्याला पाणी ठेवा, रेबीजची लस टोचून घ्या, तेवढी जीवदया पुष्कळ झाली. पण ज्यांनी आणलाच आहे, त्यांनी यंदाच्या दशलक्षण पर्वात उपवासांची संख्या मोजायच्या आधी साखळीचे हात मोजावेत.