कांद्याच्या ट्रॉलीतून जाणारा कस

विंचूरच्या उपबाजारात लिलावाला लागलेल्या ट्रॉलीत व्यापारी पाहतो कांद्याची पत्ती, रंग आणि आकार. आम्ही शेतकरी पाहतो क्विंटलचा भाव. त्याच ट्रॉलीत आणखी एक माल भरलेला असतो, पण त्याची बोली आजवर कोणी लावलेली नाही. तो माल म्हणजे आमच्या जमिनीचा कस.

शेती हा मुळात ऊन पकडण्याचा धंदा. हवेतला कर्बवायू आणि मुळांनी ओढलेले पाणी घेऊन पान उन्हात साखर तयार करते. प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर द्राक्षबागायतदारांना पाने मोजायला लावत, ते याचसाठी. उन्हाची ही ताकद एकाच दिशेने जाते. पिकातून जनावरात, माणसात, आणि प्रत्येक पायरीवर तिचा बहुतेक भाग उष्णता होऊन उडून जातो. त्याची चिंता नाही. उद्या सूर्य पुन्हा उगवतो आणि त्याचे बिल येत नाही.

नत्र, स्फुरद, पालाश, गंधक यांचे तसे नाही. नत्र तरी हरभरा, ताग हवेतून थोडाफार आणून देतात. स्फुरद-पालाश हवेत नाहीतच. तीच द्रव्ये मातीतून पिकात, पिकातून गोठ्यात, गोठ्यातून उकिरड्यावर आणि उकिरड्यावरून पुन्हा मातीत फिरत राहिली, म्हणून शेती टिकली. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना ताली-बंधारे मागितले. डोंगरउतारावरच्या पालापाचोळ्याचा अर्क पावसाबरोबर शेतातच मुरावा, हाच त्यामागचा हिशोब.

आता आमचा माल पाहा. साखरेच्या पोत्यातून जमिनीचे जवळजवळ काहीच जात नाही. साखर म्हणजे हवा, पाणी आणि ऊन. जमिनीचे जे घेतले ते मळी, प्रेसमड आणि राखेत उरते. (ते शेतात परत येते का, हा कारखानदारांना विचारायचा वेगळा प्रश्न!) तेलाचेही तेच. कस पेंडीत राहतो आणि पेंड गोठ्यात गेली की शेणातून परत येतो. कांदा मात्र अख्खा जातो. हेक्टरी ४० टनांचे पीक जमिनीतून सुमारे ९० ते ९५ किलो नत्र, ३० ते ३५ किलो स्फुरद आणि ५० ते ५५ किलो पालाश उचलते. म्हणजे २० क्विंटलच्या ट्रॉलीमागे साडेचार किलोच्या आसपास नत्र, दीड किलो स्फुरद, अडीच किलो पालाश. कांद्याचा तिखटपणा ज्याच्यावर, ते गंधक वेगळेच. पात शेतात राहिली तर त्यातले थोडे परत मिळते, इतकेच.

हे जाते कुठे? शहरात, आणि शहराच्या गटारातून नदीत. सायखेडा-चांदोरीला गोदावरीत पुलाला अडकणारी पाणवेली पाहिली की समजते, शेताला हवे असलेले खत कोण खाते आहे. आणि आम्ही पालाश विकत घेतो तो कॅनडा, रशिया, जॉर्डनमधून आलेला. देशाचा जवळजवळ सगळा पालाश बाहेरून येतो.

उत्पादन खर्च काढताना सरकारी तज्ज्ञ नांगराचा, अवजारांचा घसारा धरतात. जमिनीचा घसारा धरत नाहीत. कांद्याला तर हमीभावच नाही. तरीही भाव चार पैसे वर गेला की पायात बेडी पडते. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावले, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ती ४ मे २०२४ ला उठली. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. त्या काळात ज्याने पडेल भावात कांदा दिला, त्याने मजुरी तर गमावलीच, पण ग्राहकाला आपल्या जमिनीचा कसही फुकट दिला. ही सबसिडी कोणत्याही अर्थसंकल्पात छापली जात नाही.

शेणखत वाढवा, हिरवळीचे खत गाडा, असे उपदेश आम्हाला पुष्कळ झाले. ते चुकीचे नाहीत. पण ताग गाडायला एक हंगाम शेत मोकळे ठेवावे लागते, जनावर पाळायला चारा लागतो. तो खर्च भावातून निघत नसेल तर शेतकरी कस विकूनच घर चालवणार.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, येत्या जिल्हा बैठकीत कांद्याच्या खर्चाच्या तक्त्यात 'जमिनीचा घसारा' हा रकाना घालण्याचा ठराव आम्ही मांडणार आहोत. येताना माती परीक्षणाचे जुने-नवे जे कागद घरात असतील ते बरोबर आणा. एकाच गटाचे दोन वेगवेगळ्या वर्षांचे असतील तर फारच उत्तम.