चेहरा ज्यांच्या हाती

निपाणी, चिकोडी, बेळगाव या टापूत अशी पुष्कळ घरे आहेत, की जिथे आईने विड्या वळून संसार उभा केला. अशा घरातील मुलगी आता ब्यूटी पार्लरचे काम शिकू म्हणते. पुढे पुण्यास, गोव्यास अथवा आखातात जाऊन स्वतःचे दुकान थाटावे, अशी तिची उमेद असते. वडीलधाऱ्यांच्या कपाळास मात्र आठी पडते. लोकांच्या तोंडास मलम फासण्याचा हा कसला धंदा, असे त्यांस वाटते. या दोघांसही आम्ही आज एका परदेशी बाईची हकीकत सांगणार आहोत.

हेलेना रुबिनस्टाइन हिचा जन्म १८७२ साली पोलंडातील क्राकूव शहरी, एका सामान्य यहुदी दुकानदाराच्या घरी झाला. आठ बहिणींत ती थोरली. १८९६ साली ती एकटी बोटीने ऑस्ट्रेलियास गेली आणि कोलेरेन नावाच्या गावी मामाकडे राहिली. इंग्रजी जेमतेम, गाठीस पैसा नाही. मुले सांभाळणे, चहाच्या दुकानात गिऱ्हाइकांस वाढणे, अशी मिळतील ती कामे तिने केली.

कोलेरेन हा मेंढ्यांचा मुलूख. आपल्या धनगरांच्या घोंगडीस हात लावला, की लोकरीचा जो तेलकटपणा जाणवतो, तो त्या मेंढ्यांच्या लोकरीत फारच असतो. लोकर धुताना निघणारी ही चरबी त्वचेतील ओलावा टिकवून धरते व त्वचा मऊ ठेवते. तिला लॅनोलिन म्हणतात. हेच द्रव्य घेऊन, त्याचा उग्र दर्प सुगंधाने झाकून, हेलेनाने क्रीम बनविले आणि १९०२ च्या सुमारास मेलबर्न शहरी दुकान उघडले. येणाऱ्या बाईची त्वचा न्याहाळून, ती कोरडी की तेलकट हे पाहून ती सल्ला देई. पुढे १९०८ साली लंडन, नंतर पॅरिस आणि १९१५ साली न्यूयॉर्क येथे तिची सौंदर्यगृहे निघाली. १९४१ साली न्यूयॉर्कमधील एका इमारतीत, यहुदी म्हणून, तिला बिऱ्हाड नाकारण्यात आले. तेव्हा तिने ती इमारतच विकत घेतली! १९६५ साली ती निवर्तली, तेव्हा तिचे नाव जगभर झाले होते.

इतके कर्तृत्व असूनही एक गोष्ट आम्हांस खटकते. आपले क्रीम दूरच्या कार्पेथियन पर्वतातील वनस्पतींपासून एका डॉक्टराने सिद्ध केले आहे, असे ती सांगे. मेंढीच्या लोकरीचे नाव ती घेत नसे. आपल्याकडील उदाहरण याच्या उलट आहे. केशव विष्णु पेंढरकर हे नागपूर सोडून मुंबईस आले आणि १९५२ साली परळ येथे राहत्या घरी त्यांनी विको हा व्यवसाय आरंभिला. १९७५ साली या घराण्याने क्रीम काढले, ते हळदीचे. आणि नावातच हळद सांगून ते विकले. आज्या जी वस्तू चेहऱ्यास लावीत, तिची त्यांस लाज वाटली नाही.

हेलेनाच्या कहाणीने कोणाचे शरीर बिघडले नाही, कारण डबीत निरुपद्रवी लोकरीची चरबी होती. पण सर्वच डब्या तशा नसतात. अकोल्यातील एका तरुण विद्यार्थिनीने पार्लरमधून आणलेले गोरेपणाचे क्रीम वापरले. रंग उजळला असे पाहून आई व बहीणही तेच लावू लागल्या. २०२२ साली तिघींसही मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळ दिसतो. परंतु तोच पारा कातडीतून रक्तात शिरतो आणि मूत्रपिंडात साठतो. चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालण्यास कायद्याची मनाई आहे. तरीही अशा डब्या बाजारात येतात, कारण गोरेपणाचा हव्यास आपण सोडीत नाही.

म्हणून डबीवर बनविणाऱ्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, घटकद्रव्ये व मुदत छापलेली नसेल, तर ती घेऊ नये, मग देणारी कितीही ओळखीची असो. आणि आठ दिवसांत गोरे करण्याचे वचन देणाऱ्या डबीपासून तर दूरच राहावे.

मायबापहो, मुलीस हे काम शिकायचे असेल तर खुशाल शिकू द्या. परमुलुखात जाणाऱ्याजवळ शेत नसते, भाऊबंद नसतात. हातचे कसब तेवढे बरोबर नेता येते. मात्र शिकविणाऱ्या बाईकडे पहिल्या दिवशी तिला सोबत घेऊन जा, आणि फी किती हे विचारण्यापूर्वी या डब्यांत काय आहे हे विचारा. उत्तर नीट मिळाले नाही, तर दुसरी शिकवणी शोधा.