ज्या खेळाला मालक आहे

प्रति,
शालेय शिक्षण व क्रीडा विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

पाकिटावरचा पत्ता कुंभकोणमचा पाहून हे चुकून आलेलं टपाल समजू नका. मराठी मुलखाला शिक्षणाबाबत सल्ला देण्याची या गावाची खोड जुनी आहे. १८२८ साली इथं जन्मलेले सर टी. माधवराव १८७५ मध्ये बडोद्याचे दिवाण झाले आणि १८८१ साली त्यांनी तरुण सयाजीरावांना राज्यकारभारावर व्याख्यानं दिली. पुढे त्याच सयाजीरावांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. माधवरावांना निदान बोलावणं होतं, मला तेही नाही. तंजावरच्या भोसल्यांमागोमाग इकडे आलेल्या घराण्यांपैकी एकातला मी, गणित शिकवून निवृत्त झालेला. घरात आमची दक्षिणी मराठी, बाहेर तमिळ आणि हे पत्र तुमच्या पुस्तकी मराठीत, तेव्हा चुका पोटात घाला.

नातू पुण्यात आठवीत शिकतो. त्याच्या शाळेत ई-स्पोर्ट्सचा संघ काढावा, असा विषय पालकसभेत निघाला. आज एका शाळेत निघाला, उद्या तो तुमच्या टेबलावर येणार. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणलं. मे २०२५ मध्ये बिहारच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत त्याची प्रात्यक्षिक स्पर्धा झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ज्या कायद्यानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. तुमच्या विभागाच्या नावात शिक्षण आणि क्रीडा दोन्ही असल्यानं फाइल दुसरीकडे सरकवायची सोय नाही. (जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेतल्या मोबाइलवरच्या रमीच्या व्हिडिओवरून वाद झाला, एका मंत्र्यांचं कृषी खातं गेलं आणि हाती क्रीडा खातं आलं. आपण खेळत नव्हतो, असं ते म्हणाले. मी त्यावर विश्वास ठेवतो. खातेवाटप करणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला मात्र दाद देतो.)

या खेळांत कौशल्य नाही, असं मी म्हणणार नाही. नातवाशेजारी बसून मी त्याचा सामना पाहिला आहे. चौघं चार घरांत बसून, एकमेकांचं तोंड न पाहता ज्या चपळाईनं डाव रचतात, ती गणिताच्या मास्तरालाही मान्य करावी लागते. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, ही गाऱ्हाणी खरी असली तरी दहा शाळांत दहा मुख्याध्यापक ती तुम्हाला सांगतीलच. माझा आक्षेप वेगळा आहे, आणि त्याबद्दल पालकसभेत कुणी बोललं नाही असं कळतं. या खेळांना मालक असतो.

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते. त्यात भुजच्या तीर्थ मेहतानं हर्थस्टोन या खेळात कांस्य मिळवलं. पुढच्या, हांगझोऊच्या स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला खरी पदकं होती आणि हर्थस्टोनचं नाव यादीत होतं. मग बनवणारी ब्लिझार्ड आणि चीनमध्ये चालवणारी नेटईझ या दोन कंपन्यांचा करार संपला, चीनमधले सर्व्हर बंद झाले आणि २०२३ मध्ये तो खेळ स्पर्धेतूनच वगळला गेला. खेळाडूंचं काही चुकलं नव्हतं, पंचांचंही नव्हतं. व्यवहार फिसकटला, एवढंच. कुस्तीचं किंवा धावण्याचं असं होऊ शकतं का?

घरचंच उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय नावानं परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. बंदीच्या वर्षी आठवीत असलेल्या मुलाचा ‘खेळ’ दहावीला पोचेपर्यंत दोनदा बंद पडला. बंदी योग्य की अयोग्य, तो वाद वेगळा. पण ज्याचं असणं-नसणं एका आदेशावर आणि एका कंपनीच्या हिशोबावर ठरतं, त्याचं वार्षिक वेळापत्रक शाळा कसं आखणार? अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासच, ही मर्यादासुद्धा कंपनीनं स्वतःच घालून दिलेली. कोणतं शस्त्र किती जोराचं, कोणता नकाशा राहणार आणि कोणता जाणार, हे रात्रीतून आलेल्या अपडेटमध्ये ठरतं. क्रीडाशिक्षकाला ते कळतं मुलांकडूनच.

याउलट आपला खो-खो पाहा. त्याचे नियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात डेक्कन जिमखान्यात बांधले गेले, पुढे संघटनांनी भांडून, मतं घेऊन बदलले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तेव्हा भारताचे दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते आणि दोन्ही संघ जिंकले. यासाठी कुणाला परवाना शुल्क द्यावं लागलं नाही.

बसून खेळायचे खेळ शाळेत नकोत, असं तमिळनाडूत राहून तर कुणी म्हणूच शकणार नाही. इथं सरकारनं बुद्धिबळ शाळांत नेलं. चेन्नईच्या एकाच वेलम्मल शाळेतून गुकेश आणि प्रज्ञानंद आले, २०२२ ची ऑलिम्पियाड मामल्लपुरमला झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. तुमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला. कुणी म्हणेल, बुद्धिबळही आता स्क्रीनवर गेलं, २०२५ मध्ये रियाधच्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकात ते होतंच. होतं. पण वीज गेली, नेट गेलं, कंपनी बुडाली, तरी पट आणि बत्तीस सोंगट्या उरतात. स्वस्तातल्या प्लास्टिकच्या पटावर नगरपालिकेच्या शाळेतलं पोर तोच खेळ खेळतं जो रियाधमध्ये लाखो डॉलरसाठी खेळला गेला.

आता रामानुजन. कुंभकोणमच्या माणसानं त्यांचं नाव काढलं नाही तर पत्र अपुरं राहील. पालकांमध्ये एक युक्तिवाद हमखास निघतो: एका गोष्टीचं वेड असलेल्या मुलाला शाळेनं अडवू नये, रामानुजनना अडवलंच ना. खरं आहे. टाउन हायस्कूलमध्ये १९०४ साली गणिताचं बक्षीस मिळवलेल्या या मुलाची शिष्यवृत्ती इथल्याच सरकारी कॉलेजानं काढून घेतली, कारण बाकीच्या विषयांत तो नापास होत गेला. पण त्या वेडाचं साहित्य काय होतं? एक पाटी. कागद परवडत नसे म्हणून पाटीवर मांडायचं आणि कोपरानं पुसायचं. आणि त्यांच्या वहीचं पहिलंच प्रकरण कशावर आहे? जादूच्या चौरसांवर, शाळकरी वयातल्या खेळावर. दिलेला चौरस भरून ते थांबले नाहीत, असे चौरस कसे बनवायचे याच्या रीती त्यांनी शोधल्या. त्या वेडातून कुणाची विक्री वाढत नव्हती, आणि पुढची पातळी कुणी विकतही नव्हतं. नातवाला मात्र बंदुकीच्या नव्या रंगासाठी दर महिन्याला पैसे हवे असतात.

म्हणून मागणं असं. शाळेच्या संगणक कक्षात खेळ जरूर आणा, पण बनवण्यासाठी. मुलांना खेळ बनवता येतील असं स्क्रॅच हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पाचवीतल्या मुलीनं बनवलेल्या खेळाचे नियम तीच ठरवेल, वर्गातले इतर त्यात चूक काढतील, ती बदलेल. संघ काढून स्पर्धेलाच जायचं असेल, तर शाळेबाहेर, पालकांच्या जबाबदारीवर, जसं मूल एखाद्या खासगी क्लबात पोहायला जातं तसं जावं. आणि दहावी-बारावीला खेळाडूंना जे सवलतीचे गुण मिळतात, ते एखाद्या कंपनीच्या मालकीच्या खेळासाठी देऊ नका. खरा दबाव तिथंच येणार आहे. एकदा गुण जोडले गेले की तो खेळ खेळायचा की नाही हे मुलाच्या हातात राहत नाही, घरातून ढकललं जातं. आणि मग कुठला खेळ गुणांचा, कुठला नाही, यासाठी मंत्रालयाच्या पायऱ्यांवर कोण उभं असेल, हे मी तुम्हाला सांगायला नको.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं, असं २००९ पासून लिहिलेलं आहे. त्या मैदानांची मोजणी आधी झाली, तर बरं.

नातवाला हे सगळं वाचून दाखवलं. त्याला यातलं एक अक्षर पटलेलं नाही. त्याचं पत्र तुम्हाला वेगळं येईल.

आपला,
कुंभकोणमचा एक निवृत्त गणितशिक्षक