चारशे तासांचा हिशेब कोण मागणार?

दिवाळीची सुट्टी लागली की प्राथमिक शाळांचे पहिले सत्र संपते. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन ठरवून दिले आहे. म्हणजे एका सत्राला साधारण 400 तास. या 400 तासांत आपल्या वस्तीतले तिसरीचे पोर नेमके काय शिकले, हे आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांना सांगता येईल? जयंतीला वर्गणी किती जमली, मिरवणूक किती वाजता संपली, कोणत्या गटाने वेगळा मंच टाकला, हे सगळे तोंडपाठ असते. हा एक हिशेब मात्र कोणाच्याच वहीत नाही.

शाळेत विचारा, उत्तर मिळेल. मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, आणि कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षणासाठी ‘खेळू, करू, शिकू’. पुस्तके फुकट, खिचडी फुकट, प्रगतिपुस्तकात नोंदी सुंदर: ‘कविता तालासुरात म्हणतो’, ‘गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो’. या नोंदी अनेक ठिकाणी तयार यादीतून उतरवल्या जातात. चाळीस पोरांच्या पुस्तकांत तीच चार वाक्ये आलटूनपालटून. त्यावरून तुमच्या पोराला वाचता येते की नाही, हे कळत नाही.

सरकारला मात्र ते कळलेले आहे. केंद्राने 2021 साली ‘निपुण भारत’ अभियान आणले. त्यात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थ समजून वाचावेत आणि 9999 पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्यात असे लक्ष्य ठेवले, आणि मुदत दिली 2026-27. तिसरीतल्या पोराला वाचता यावे यासाठी स्वातंत्र्यानंतर 74 वर्षांनी राष्ट्रीय अभियान काढावे लागते, यातच सगळे आले.

आता 1927 सालात या. 20 मार्चला महाडला काय झाले ते आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण त्याच्या आठच दिवस आधी, 12 मार्चला, बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलत होते. प्राथमिक शाळेत घातलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त 18 पोचतात आणि उरलेली 82 पुन्हा निरक्षर होतात, हा आकडा त्यांनी सरकारच्या तोंडावर फेकला. शाळेत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, प्राथमिक शिक्षणाचा हेतूच तो, असे त्यांचे म्हणणे होते. आठ दिवसांच्या अंतराने एकाच माणसाने केलेल्या या दोन गोष्टी आहेत. चवदार तळे आपण उत्सवात घेतले आणि ते भाषण खंडांत, कपाटात राहू दिले.

त्या वेळी पोर शाळेतून गळायचे. आज ते पटावर असते, हजेरी लागते, दरवर्षी पुढच्या वर्गात सरकते, आणि तरीही वाचता येत नाही. फरक एवढाच की गळती कागदावर दिसायची, ही दिसत नाही.

असा एक मुलगा तुमच्याही वस्तीत असेल. 14 एप्रिलला दोन मिनिटांचे भाषण खणखणीत करतो. साताऱ्याची शाळा, गोणपाट, पाण्याचा शिपाई, सगळे न अडखळता. टाळ्या, पेन, वही, फोटो. त्याच मुलाला मंचामागचा फलक वाचायला सांगा. पोर गप्प होते. बाबासाहेबांवरचे भाषण ज्याला कानाने पाठ करावे लागते, कारण डोळ्याने वाचता येत नाही, त्याला टाळ्या देऊन आपण घरी जातो. पाठांतर ही कोणाची शिक्षणपद्धती होती, हे मी वेगळे सांगायला नको.

भाषेकडे बघा. 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचा शासन निर्णय निघाला. राज्य पेटले, आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. मागे घेतला ते योग्यच झाले. पण तिसऱ्या भाषेवर रस्त्यावर आलेल्यांपैकी कोणी पहिल्या भाषेबद्दल बोलले का? घरात गोंडी, बंजारा, पारधी किंवा अस्सल वऱ्हाडी बोलणाऱ्या पोराला पहिल्याच आठवड्यात सांगितले जाते की तुझी भाषा अशुद्ध. ते पोर तोंड मिटून घेते आणि वर्षभर मिटलेलेच ठेवते. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 29 सांगते की शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवा, मुलाला भीतीपासून मुक्त ठेवा. बोलीत उत्तर दिले म्हणून हसणाऱ्या वर्गात हे कलम रोज मोडले जाते, आणि त्यावर मोर्चा निघत नाही.

गणिताचेही तेच. 2019 ला दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा केवढी थट्टा झाली! मराठी बुडाली म्हणून विधिमंडळापर्यंत आरडाओरडा. ओरडणाऱ्यांपैकी कितींची नातवंडे मराठी शाळेत होती, हा प्रश्न कोणी विचारला नाही. ‘एकोणऐंशी’ ऐकून आठावर नऊ लिहिणारे पोर मठ्ठ नसते. शब्दात ऐंशी ऐकू येते म्हणून ते आठ लिहिते. ज्याच्या घरी आई-आजी संध्याकाळी उजळणी घेते त्याचा हा घोळ घरीच सुटतो. ज्याची आई सहाला कामावरून येते त्याचा घोळ शाळेनेच सोडवायचा असतो. ती पद्धत बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. पण अडचण कोणाची आहे, याचा विचारच त्या गदारोळात नव्हता.

परिसर अभ्यासावर मी जास्त बोलणार आहे, कारण आपल्या हातात सर्वात जास्त तिथे आहे. तिसरी-चौथीला पाणी, अन्न, घर, कुटुंब, गाव, दिशा, नकाशा हे सगळे येते. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास येतो. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक तर जिल्ह्याजिल्ह्याचे वेगळे निघत आले आहे. मुले जिल्ह्याचा नकाशा रंगवतात, नद्या, तालुके, घाट पाठ करतात. मग रायगडच्या नकाशावर महाड आल्यावर तळ्याची गोष्ट सांगायला कोणी मना केले आहे? नाशिकच्या नकाशात काळाराम मंदिर आणि येवला आहे. कोल्हापुरात 1920 च्या परिषदेचे माणगाव आहे. पुण्यात भिडेवाडा, नागपुरात दीक्षाभूमी, साताऱ्यात खुद्द बाबासाहेबांची शाळा. पाणी कुठून येते हे शिकवताना ते कोणाला मिळत नव्हते हे सांगितले, तर आठ वर्षांच्या पोराला ते नीट समजते. आपली मदत करणारी माणसे म्हणून सफाई कामगाराचे चित्र दाखवायचे आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींनाच का, हा प्रश्न टाळायचा, याला तटस्थता म्हणत नाहीत. अभ्यासक्रम संविधानातल्या मूल्यांशी सुसंगत हवा, हेही त्याच कलम 29 मध्ये लिहिले आहे.

जोतिबांनी 1882 ला हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा प्राथमिक शाळेत काय शिकवावे तेही सांगितले होते: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. शेतकऱ्याच्या पोराला फसवणूक ओळखता यावी एवढे तरी शिक्षण, हा त्यामागचा हिशेब आहे. आणि त्यांच्या शाळेत हे चालायचे कसे, याचा पुरावा 1855 चा आहे. सुमारे तीन वर्षे शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, पेशवाईतल्या जुलमांचा आणि वेद कोणाचे याचा जाब विचारला. तीन वर्षांत! आपल्या पोरांची तीन वर्षे कशात गेली?

यावर दोन उत्तरे ठरलेली आहेत. पहिले, ‘गुरुजींना शिकवू कुठे देतात?’ खरे आहे. कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर कामाला जुंपता येत नाही, तरी माहिती भरणे, फोटो अपलोड करणे, ऑनलाइन लिंका यात तास जातात. मग आपल्या शिक्षक बांधवांनी संघटनेच्या व्यासपीठावर ते मोजून मांडावे. वेतन आयोगाची आकडेमोड जितकी बिनचूक असते तितकी ही का नाही? दुसरे उत्तर, ‘म्हणून तर आम्ही पोराला इंग्रजी शाळेत घातले.’ मजूर आई-बापाने कर्ज काढून पोराला इंग्रजी शाळेत घातले तर मी त्यांना दोष देणार नाही. इंग्रजी नको म्हणणाऱ्यांची पोरे कुठे शिकतात ते त्यांनाही दिसते. पण गल्लीतल्या टाय-बुटाच्या शाळेत जिथे बाईंनाच इंग्रजी बोलता येत नाही, तिथे पोर स्पेलिंग उतरवायला शिकते, वाचायला नाही. कळत्या भाषेत वाचता आले की इंग्रजी मागून येते.

करायचे काय ते कायद्यातच आहे. कलम 21 प्रमाणे प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. त्यात किमान तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. बऱ्याच गावांत ही समिती सरपंचाच्या ओसरीवर ठरते आणि आपल्या आयाबायांच्या फक्त सह्या घेतल्या जातात. त्या खुर्चीवर बसा. किती दिवस शाळा भरली, किती तास शिकवले, तिसरीतली किती मुले सरळ वाचतात, हे इतिवृत्तात लिहून घ्या.

7 नोव्हेंबर 1900 ला बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले म्हणून तो विद्यार्थी दिवस. तो दोन सत्रांच्या सांध्यावर येतो. यंदा त्या दिवशी भाषणस्पर्धा नको. विहारात दुसरीची मराठीची पुस्तके ठेवा, तिसरी-चौथीच्या पोरांना एकेक करून शेजारी बसवा आणि एक पान वाचून घ्या. ओरडू नका, हसू नका, नुसते ऐका आणि वहीत टिपा. किती पोरे अडली, कुठे अडली, कोणाला गुणाकार येत नाही. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी रोज संध्याकाळी तासभर कोण बसणार, ती नावे त्याच वहीत. कॉलेजात जाणारी पाच पोरे-पोरी प्रत्येक वस्तीत निघतात.

दुसऱ्या सत्राची शाळा सुट्टीनंतर उघडेल. त्याच महिन्यात पालक सभेची नोटीस लागेल. तिला कोण जाणार, ते या रविवारच्या बैठकीतच ठरवा.